मेलेल्या घोड्याचा हरभरा

गौसला मी पहिल्यांदा पाहिलं ते इयत्ता तिसरीच्या खिडकीतून. १९०३ सालचा जून होता. संस्थेत रुजू होऊन मला तीनच दिवस झाले होते आणि मी मुलांना शुद्धलेखन सांगत होतो. बाहेर अंगणात कडुलिंबाभोवती एक माणूस संथपणे फेऱ्या घालत होता. अंगात खाकी कोट, डोक्याला लाल फेटा आणि उजव्या हातात लगाम. लगामाच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. चार पावलं गेलं की तो थांबे, मागं वळून बघे, तोंडानं चुचकारल्यासारखं करी आणि पुन्हा चालू लागे.

वर्गातल्या एकाही मुलानं मान वर केली नाही. पहिल्या बाकावरच्या कृष्णातला मी विचारलं, तेव्हा पाटीवरची पेन्सिल न उचलता तो म्हणाला, "गौसमामू हाय, गुर्जी. सायबांचं घोडं फिरवाय लागलाय."

घोडा कुठं आहे, असं मी विचारलं.

"मेलंय की," कृष्णात म्हणाला आणि पुढचा शब्द सांगा म्हणून माझ्याकडं बघत राहिला.

कोल्हापुरातली आमची संस्था तशी लहान. खाली मराठी शाळा आणि हायस्कूल, वर कॉलेजचे दोन वर्ग. त्या दोन वर्गांत मिळून अकरा विद्यार्थी आणि त्यांच्यासाठी एक प्रिन्सिपॉलसाहेब. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यांनी दर ढेपेमागं धर्मादाय काढून ती चालवली होती. महाराजांच्या राज्यात जो तो शाळा काढत होता, मग गुळानं का मागं राहावं, असा त्यांचा साधा विचार होता. संस्थेचे पहिले अध्यक्ष केरबाशेठ यांनी साहेबांना पुण्याहून बोलावून आणलं आणि देणगीदारांच्या घरी जायला बरं म्हणून एक टांगा आणि सरदार नावाचा घोडा घेऊन दिला. घोड्याबरोबर, त्याची निगा राखायला मोतद्दार म्हणून गौस आला. त्याची उमेदीची वर्षं सरकारी पागेत गेली होती, त्यामुळं काम कसं करायचं हे त्याला दुसऱ्यानं सांगावं लागत नसे.

प्लेगच्या साली सगळा गाव माळावर झोपड्या घालून राहिला, तेव्हा सरदार मेला. प्लेगानं नव्हे, म्हातारपणानं. गौसनं त्याला पुरला आणि तिसऱ्या दिवशी साहेबांकडं जाऊन, आता मी काय करू म्हणून विचारलं. साहेब त्या वेळी दाढी करत होते. गालाला साबण तसाच ठेवून ते म्हणाले की तू तुझं काम बिनचूक करत राहा, तुझा पगार चालू राहील.

साहेबांच्या मनात यापेक्षा जास्त काही असेल असं मला वाटत नाही. पण गौस नबीलालचा मुलगा होता. नबीलालनं मरताना त्याला जमीन दिली नाही, एक वाक्य दिलं. घेतलेल्या पगाराइतका घाम गेला नाही तर तो पैसा हराम, आणि हरामाची भाकरी पोटात राहत नाही. साहेबांनी काम करायला सांगितलं होतं, पगार मिळत होता, तेव्हा काम व्हायलाच हवं होतं. घोडा नाही ही गोष्ट त्याच्या हातची नव्हती. म्हणून तो पहाटे तबेला झाडी, जिथं पाच वर्षांत लीद पडलेली नव्हती. पाण्याची बादली घासून भरून ठेवी आणि संध्याकाळी तेच पाणी कडुलिंबाला घाली. टांग्याचं पितळ चिंच लावून लखलखीत करी, मग त्या टांग्याला एकच चाक का असेना. घोड्याचं अंग घासायची, खरारा करायची सवय मोडू नये म्हणून टांग्याच्या गादीवर खरारा फिरवी. आणि सकाळी चाळीस व संध्याकाळी चाळीस अशा फेऱ्या घाली, कारण जनावर एका जागी बांधून ठेवलं तर त्याचे पाय धरतात.

एकदा ईदला त्यानं दोन दिवसांची रजा घेतली आणि बदली म्हणून मेव्हण्याला ठेवून गेला. परत आल्यावर कुणीतरी सांगितलं की मेव्हण्यानं फेऱ्या फार जोरात घातल्या. गौस त्याला बोलला. एवढ्या उन्हात एवढ्या जोरात नेलं तर दम लागतो, हे पागेत पहिल्या दिवशी शिकवतात, म्हणाला. मेव्हण्यानं, दम मलाच लागला, असं सांगून बघितलं, पण त्याचा उपयोग झाला नाही.

तो मूर्ख होता असं कुणी समजू नये. सरदार मेला आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो होतो, तेव्हा तो आपणहून बोलला. म्हणाला की गुर्जी, सात रुपयांत पाच तोंडं खातात, म्हणून गप हाय. पण रात्री उजव्या कुशीवर वळलो की वाटतं हा पगार हलाल हाय, आणि डाव्या कुशीवर वळलो की वाटतं न्हाय. मी विचारलं, मग झोपतोस कसा. उताणा, म्हणाला.

सात रुपये त्याला तरी वेळेवर मिळत. आम्हा शिक्षकांचे पगार महिना-महिना मागं असत. माझे अठरा होते. भूगोलाच्या नकाशातला मद्रासचा तुकडा फाटून गेला होता, तो आम्ही तोंडी शिकवत होतो. नवा नकाशा मागितला की साहेब फार प्रेमानं खांद्यावर हात ठेवत आणि संस्था गरीब आहे असं सांगत. ते सांगताना त्यांचा आवाज खरोखर जड होई. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. इंग्रजी कविता शिकवताना त्यांचे डोळे भरून येत, आणि ते अकरा विद्यार्थी त्यांच्यावर जीव टाकत. फक्त त्यांचा पगार किती, हे कोणाला माहीत नव्हतं.

यालाही कारण गूळच. गुळाच्या सौद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि अडत्या एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. केरबाशेठनी साहेबांची नेमणूक केली ती अशीच, भर दुकानात, रुमालाखाली. साहेबांना बोटांची भाषा आधी अर्धा तास शिकवावी लागली म्हणतात. हात सुटले, पेढे वाटले गेले, आणि संस्थेच्या इतर पंचांपैकी कुणी आकडा विचारला नाही. रुमालाखालचा भाव विचारणं म्हणजे बाजारात नाक कापून घेण्यासारखं. पुढं केरबाशेठ प्लेगात गेले आणि आकडा त्यांच्याबरोबर गेला. उरले साहेब आणि ज्ञानू कारकून. ज्ञानू असा माणूस की त्याला किती वाजले विचारलं तरी साहेबांना विचारून सांगे. दर वर्षी भाद्रपदाच्या शेवटी, गुऱ्हाळं सुरू व्हायच्या आधी सभा भरे. ज्ञानू उभा राही आणि साहेबांचा पगार, प्रवास, पाहुणे, घोडा, सगळं मिळून एकच ओळ वाची. संकीर्ण खर्च, दोन हजार आठशे चाळीस. लोक टाळ्या वाजवत. एवढं मोठं संकीर्ण असलेली संस्था आपली, याचा काहींना अभिमानही असावा.

हे असंच चाललं असतं, पण गौसच्या मुलीचं, नजीराचं, लग्न निघालं.

स्थळ उचगावचं होतं. मुलाचा बाप बादशहा दगड फोडायचं काम करी आणि त्याचं बोलणंही त्याच हत्यारानं घडवलेलं होतं. मुलगी पसंत पडली. खैरुनबीनं, म्हणजे गौसच्या बायकोनं, सुपारी फोडायची तयारी केली. तेवढ्यात बादशहानं विचारलं की पावणं काय काम करतात. घोडा सांभाळतो, गौस म्हणाला. बादशहाला घोड्यांची आवड होती. तो उठलाच.

"चला, पावणं. घोडं दावा."

खोटं बोलणं गौसला जमलं नाही. तो त्याला तबेल्यात घेऊन आला. त्या दिवशी मी पटांगणात मुलांची कवायत घेत होतो, त्यामुळं सगळं बघितलं. बादशहानं झाडलेली जमीन बघितली, भरलेली बादली बघितली, भिंतीवरचा लगाम हातात घेऊन बघितला आणि मग दावणीमागं जाऊन, जणू घोडा तिथं बसला असेल, असं वाकून बघितलं. गौसनं सगळं सांगितलं. बादशहानं लगाम पुन्हा भिंतीला अडकवला. मग म्हणाला की माणूस तुमी सोन्याचा हाय, पावणं, पर काम कुठं हाय? उद्या कुणी विचारलं व्याही काय करतो, तर मी काय सांगू? जवा घोडं दिसंल तवा लगीन ठरवू. आणि टोपी घालून तो उचगावला निघून गेला.

खैरुनबी त्या दिवशी काय बोलली ते गौसनं मला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फेऱ्या न घालता तो सरळ साहेबांच्या खोलीत गेला आणि घोडा मागितला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि संस्था गरीब आहे असं सांगितलं.

मग तो शाहूपुरीत गेला. केरबाशेठांच्या जागी आता पिराजीअण्णा अध्यक्ष होते. ते सहीपुरतं लिहीत, पण ढेपेला बोट लावून ऊस कुठल्या शिवारातला ते सांगत. गौसनं सोबत म्हणून मला चला म्हटलं. अण्णा गादीवर बसून गुळाचा खडा चघळत होते. गौस दारातच उभा राहिला आणि सगळं एका दमात बोलून गेला.

"अण्णा, मला घोडं द्या, न्हायतर माझा पगार बंद करा. पाच वर्सं झाली सरदार मरून. आता मला हे सोसंना."

पगार बंद करा म्हणणारा माणूस त्या दुकानात पूर्वी आला नसावा. अण्णा खडा चघळायचे थांबले. त्यांनी सरदार कधी मेला ते विचारलं. मग पुन्हा विचारलं. मग मला विचारलं. शेवटी स्वतःशीच म्हणाले की गेल्या सालीच मी सही केली, नालाला चोवीस रुपये म्हणून ज्ञानूनं बोट ठेवलं तिथं. मग उठले. गौसला एक ढेप दिली आणि सभेला ये म्हणाले. परत येताना गौसनं ती ढेप माझ्याकडं दिली. ती पगारात धरायची की नाही हे त्याला ठरवता येईना.

सभा पटांगणातच भरली. रिवाजाप्रमाणं आम्ही शिक्षक एका बाजूला आणि शिपाई, पाणक्या, मोतद्दार दुसऱ्या बाजूला रांगेत उभे, कारण शेवटी त्यांना नारळ देत असत. गौस धुतलेला कोट घालून, लगाम खांद्यावर टाकून उभा होता. मागं खैरुनबी बुरख्यात बसली होती. आज नवऱ्याचे सात रुपये राहतात की जातात, आणि पोरीचं लग्न होतं की मोडतं, हे तिला समोर बघायचं होतं. पटांगणाच्या कडेला बादशहाही उभा होता. घोडं मिळालं तर बघून जावं, म्हणून उचगावाहून चालत आला होता.

ज्ञानूनं ओळ वाचली. टाळ्या सुरू झाल्या. अण्णांनी हात वर केला आणि ते संकीर्ण जरा फोडून दाखवा म्हणाले. आम्ही ढेप फोडल्याबिगर घेत न्हाय.

साहेब उभे राहिले. फार सुंदर बोलले. विद्येचा व्यवहार हा बाजाराचा व्यवहार नव्हे, असं काहीसं. काही लोकांना ते पटलंही. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग साहेबांचा पगार तेवढा विचारला. तो ठरलेला आहे, साहेब म्हणाले. कुणाबरोबर, तर कैलासवासी केरबाशेठांबरोबर. कुठं, तर रुमालाखाली.

पंचांपैकी चार-पाच जणांनी माना खाली घातल्या. रुमालाचं नाव निघालं की त्या बाजारात पुढं बोलायची रीत नव्हती. अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. त्यांचं सगळं आयुष्य त्याच रुमालाखाली गेलेलं होतं.

"सौदा दोघांचा असला तर रुमाल," ते शेवटी म्हणाले. "ह्यो पैसा समद्यांचा हाय. रुमाल काढा, सायेब."

साहेबांनी ज्ञानूकडं बघितलं, ज्ञानूनं साहेबांकडं बघितलं, आणि मग त्यानं वही उघडून वाचायला सुरुवात केली. साहेबांचा पगार महिना एकशेचाळीस. पटांगणात शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला, आणि तो आम्हा शिक्षकांच्या बाजूनं आला हे मला कबूल केलं पाहिजे. मुंबईचा प्रवास, पहिला वर्ग. देणगीदारांना आंबे. मग ज्ञानू घोड्यावर आला. हरभरा, एकशेवीस रुपये.

रांगेतून गौस एकदम म्हणाला, "एवढा हरभरा तर त्यो जित्तेपणीबी खात नव्हता."

तो तक्रार करत नव्हता. सरदारवर खादाडपणाचा आळ येतोय असं त्याला वाटलं आणि तो त्याच्या वतीनं बोलला. पण सभा हसायला लागली ती थांबेना. ज्ञानूनं नाल वाचले, लोक हसले. टांग्याची दुरुस्ती वाचली, तेव्हा कुणीतरी एका चाकाची का दोन चाकांची म्हणून विचारलं. घोड्याचं औषध, अठरा रुपये, हे वाचताना स्वतः ज्ञानूलाच हसू फुटलं. साहेब हसत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते, आणि मला त्यांची दया आली.

शेवटची ओळ होती मोतद्दाराचा पगार. महिना बारा.

"सात," गौस म्हणाला.

मग कुणी हसलं नाही.

साहेब खाली बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हळू आवाजात म्हणाले की पहिल्या वर्षी राहून गेलं. दुसऱ्या वर्षी कसं सांगायचं कळेना. तिसऱ्या वर्षापासून सवय झाली. मला वाटतं ते खरं बोलत होते.

अण्णांनी निकाल दिला तो अडत्याला शोभेल असा. साहेब शिकवतात चांगलं, तेव्हा एकशेचाळीस राहू देत. पण घोड्याचे वर्षाला तीनशे सहासष्ट होतात. पाच वर्षांचं घोडं पाच वर्षांत फेडावं, महिना साडेतीस रुपयांनी. आणि इथून पुढं दर एक तारखेला साहेबांचा पगार आणि खर्च खडूनं लिहून फळा फाटकाबाहेर टांगावा. शिवाय बाकी कोण काय घेतं तेही लिहा, म्हणाले, म्हणजे साहेबांना एकटं वाटायला नको. अशा रीतीनं माझे अठरा रुपयेही रस्त्यावर आले.

मोतद्दाराची जागा रद्द झाली. घोडा नाही तर मोतद्दार कशाला, हे गौसलाही पटलं. बारा आणि सात यांतले पाच रुपये, साठ महिन्यांचे तीनशे, संस्थेनं त्याला आधी एकरकमी द्यायचे ठरले, तर तो घेईना. उलट त्यानंच विचारलं की घोडा नव्हता तर मी घेतलेले चारशेवीस कधी आणि कसे परत करू. खैरुनबी मागं बसल्या जागी मोठ्यानं खोकली. अण्णा कपाळावर हात मारून बसले.

इथं तिसरीचा वर्ग कामाला आला. कृष्णातनं आणि मुलांनी मागंच एकदा दोरीनं फेरी मोजली होती आणि रोजच्या ऐंशी फेऱ्यांचा गुणाकार पाटीवर मांडला होता. मी तो सभेला सांगितला. पाच वर्षांत गौस कडुलिंबाभोवती जेवढं चालला तेवढ्यात माणूस कोल्हापुराहून अजमेरला जाऊन, परत येऊन, पुन्हा निम्म्या वाटेपलीकडं पोचला असता. अण्णा म्हणाले की मग हा चालण्याचा पगार हाय. गौसनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग मला विचारलं, मधे ईदचे दोन दिवस मेव्हणा चालला होता, ते वजा केलेत ना. केले होते. तेव्हा त्यानं पैसे घेतले.

त्या पैशांतून त्यानं संस्थेचाच एकचाकी टांगा विकत घेतला, दुसरं चाक बसवलं आणि इचलकरंजीच्या बाजारातून एक तांबूस घोडी आणली. बादशहा पुन्हा आला. त्यानं घोडीचं तोंड उघडून दात मोजले, चारही पाय उचलून बघितले, शेपटी ओढून लाथ खाल्ली आणि लंगडत घरी जायच्या आधी सुपारी फोडली. नजीराचं लग्न त्याच वर्षी झालं. साहेब आले होते. पायी आले, आणि एक रुपया आहेर केला. तो पुढच्या एक तारखेला फळ्यावर आला.

फळ्यानं गावाला चांगलीच करमणूक दिली. फाटकाशी भाजी विकणारी आक्का आधी फळा बघे आणि मग भाव सांगे. साहेबांना वांगी दुपटीनं पडत. मला मात्र ती न मागता कोथिंबीर देई आणि देताना माझ्याकडं अशा नजरेनं बघे की मी ती कोथिंबीर पिशवीच्या तळाशी दडवत असे. भाड्याचा टांगा सुटल्यामुळं साहेब चालून चालून बारीक झाले, त्यांचा खोकला गेला. पाच वर्षांनी घोडं फिटलं, त्या दिवशी त्यांनी मला बोलावून स्वतःच्या हातानं फळ्यावरची घोड्याच्या हप्त्याची ओळ पुसली. नकाशा नवा आला होता. मद्रास आता दिसत होतं.

मला संस्था सोडून तीन वर्षं झाली. गौस साठीच्या घरात आहे. टांगा जावई स्टेशनवर चालवतो आणि गौस गडमुडशिंगीला घर बांधून राहतो. रोज पहाटे तो घोडीला विहिरीपर्यंत फिरवून आणतो, आणि मग भाकरी खातो.